गरम हवेचं मॉडेल इंजिन घरी बनवताना: दिवा लावायच्या आधीची सगळी कामं, क्रमाने

हॉट एअर इंजिन, म्हणजे आपण ज्याला स्टर्लिंग इंजिन म्हणतो ते, घरी बनवायला घेणाऱ्यांची तक्रार जवळपास सारखीच असते. सगळं ड्रॉइंगप्रमाणे केलं, दिसायला एकदम झकास झालंय, पण खाली स्पिरिटचा दिवा लावला की फ्लायव्हील दोन फेरे मारतं आणि थांबतं. मग ज्योत मोठी केली जाते, मग अजून मोठी, मग कोणीतरी गॅसचा टॉर्च आणतो आणि तिथे डिस्प्लेसरचा, म्हणजे आतल्या हवा ढकलणाऱ्या पोकळ भागाचा, डाग दिलेला सांधा सुटतो किंवा गरम बाजूची काचेची टेस्ट ट्यूब तडकते आणि महिनाभराची मेहनत एका संध्याकाळी जाते.

या इंजिनाची ताकद मुळात फार थोडी असते, दिव्यावर चालणाऱ्या छोट्या मॉडेलची तर वॅटभरसुद्धा नसते. म्हणजे घर्षण, हवेची गळती आणि गरम बाजूकडून थंड बाजूकडे पळणारी उष्णता, या तिघांपैकी एकानेही थोडं जास्त खाल्लं की इंजिनाला फिरायला काही उरत नाही, आणि आग वाढवून यातलं काहीच सुटत नाही. म्हणून प्रत्येक भाग जोडायच्या आधी थंडच तपासायचा आणि आग सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडला की मग नक्की बिघाड कुठे आहे ते शोधत बसावं लागतं.

खाली जे दिलंय ते दोन सिलेंडरच्या गामा प्रकारासाठी आहे. एका सिलेंडरमध्ये डिस्प्लेसर हलतो, तो हवेला फक्त गरम टोकाकडून थंड टोकाकडे आणि परत ढकलतो, तो कुठेही टेकत नाही आणि त्याला सीलही लागत नाही. दुसऱ्या छोट्या सिलेंडरमध्ये पॉवर पिस्टन असतो, काम तो करतो. पहिल्यांदा बनवणाऱ्याने हाच प्रकार घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे, कारण यात फक्त एकच फिटिंग खरंच काटेकोर असतं.

## १. मापं आधी कागदावर

मी सांगतो ती मापं घरच्या छोट्या लेथला झेपणारी आहेत. हॉट ट्यूब, म्हणजे डिस्प्लेसर ज्यात हलतो ती दिव्यावर तापणारी नळी, आतून २२ मिमी, डिस्प्लेसर बाहेरून २१ मिमी आणि लांबी ६० मिमी, त्याचा स्ट्रोक, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची चाल, २० मिमी. पॉवर सिलेंडर १६ मिमी बोअर (आतला व्यास), स्ट्रोक १८ मिमी. हिशोब केला तर डिस्प्लेसर एका स्ट्रोकमध्ये साधारण ६.९ सीसी हवा हलवतो आणि पॉवर पिस्टन ३.६ सीसी. डिस्प्लेसरचं माप पॉवर पिस्टनच्या दीडपट ते दुप्पट असावं, दिव्यावरच्या मॉडेलला हे चालतं. उलट केलं, म्हणजे पॉवर सिलेंडर मोठा घेतला तर जास्त ताकद मिळेल असं वाटतं, पण तेवढी हवा गरमच होत नाही आणि पिस्टन उलट ब्रेकचं काम करतो.

डिस्प्लेसरची लांबी स्ट्रोकच्या तिप्पट ठेवा. आखूड केला तर गरम आणि थंड टोकं जवळ येतात आणि मधला फरकच मरतो.

ट्यूबची आतली लांबी अशी काढायची: डिस्प्लेसर ६०, स्ट्रोक २०, दोन्ही टोकांना दीड-दीड मिमी मोकळी जागा, एकूण ८३ मिमी. ही मोकळी जागा पाच-पाच मिमी ठेवणारे खूप लोक आहेत, कुठे आपटायला नको म्हणून. तेवढी हवा नुसती बसून राहते आणि दाब खाते.

## २. सामान जमवताना

हॉट ट्यूबसाठी पातळ भिंतीची स्टेनलेसची नळी, भिंत शक्यतो अर्धा मिमी. स्टेनलेसच का, तर ते उष्णता फार वाईट वाहून नेतं, पितळेच्या सातव्या-आठव्या भागाइतकी आणि तांब्याच्या पंचविसाव्या भागाइतकी, आणि आपल्याला नेमकं तेच हवंय, टोकाला दिलेली उष्णता टोकालाच राहावी. तांब्याची हॉट ट्यूब दिसते छान, पण दोन मिनिटांत थंड बाजू हात लावू देत नाही. रेलिंगची नळी जाड असते, ती मँड्रेलवर, म्हणजे आतून घट्ट बसणाऱ्या दांड्यावर, बसवून बाहेरून उतरवावी लागेल. स्टेनलेस जमत नसेल तर बोरोसिलिकेट काचेची २५ मिमीची टेस्ट ट्यूब घ्या, ती आतून साधारण २२ च्या आसपास भरते, पण विकत घेताना व्हर्निअर बरोबर न्या. साधी सोड्याची काच नको, तडकते.

पॉवर सिलेंडरला बिडाचा बार सगळ्यात चांगला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा कुठल्याही फाउंड्रीच्या आसपास तुकडे मिळतात. पिस्टन बिडाचा किंवा ग्रॅफाइटचा. ग्रॅफाइटसाठी मोल्ड बनवणाऱ्या टूलरूममध्ये विचारा, स्पार्क मशीनचे वापरलेले इलेक्ट्रोड त्यांच्याकडे पडलेले असतात. लेथच नसेल तर काचेची सिरिंज घ्या, आतला दांडा घासून बसवलेली असते ती, प्लास्टिकची नाही. रबराचं टोक असलेली कुठलीही सिरिंज या कामाला निरुपयोगी आहे.

बेअरिंग ६२५ नंबरचं, म्हणजे ५ मिमी शाफ्टला. झेडझेड मागा, टू-आरएस नको, कारण त्यातली रबराची कड शाफ्टवर घासते. झेडझेडचे पत्रे पिनने उचकटून काढा, आतलं ग्रीस रॉकेल किंवा थिनरने पूर्ण धुऊन टाका आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. ग्रीस भरलेलं बेअरिंग आणि धुतलेलं बेअरिंग बोटावर फिरवून बघा, फरक लगेच कळतो.

इशारा: थिनर, पेट्रोल जे काही वापराल ते उघड्यावर, आणि स्पिरिटचा दिवा त्या टेबलावर नको. धुतलेल्या चिंध्यासुद्धा लांब ठेवा.

## ३. थंड बाजूची बॉडी

४५ मिमीचा ॲल्युमिनिअम बार. आधी बाहेरचे फिन (उष्णता हवेत सोडणाऱ्या कडा) पाडून घ्या, पार्टिंग टूलने दोन मिमीच्या खाचा, मधली भिंत दोन मिमी, खोली आठ मिमी पुरते.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे हॉट ट्यूब बसायची खोबण आणि डिस्प्लेसर रॉडच्या बुशचं (रॉड ज्यातून सरकतो त्या नळकांड्याचं) भोक एकाच सेटिंगमध्ये, जॉब चकमधून न काढता करायचं. लोक एक बाजू करतात, जॉब उलटा धरतात, दुसरी बाजू करतात, थ्री-जॉ चकमध्ये तेवढ्यात जॉब दहा-वीस शतांश मिमी सहज सरकतो, आणि मग डिस्प्लेसर ट्यूबच्या एका भिंतीला घासत राहतो. नंतर रॉड वाकवून सरळ करायचा प्रयत्न करू नका, तो कधी सरळ होत नाही.

बुश पितळेचं, लांबी २५ मिमी, ३ मिमीच्या रीमरने रीम केलेलं. नुसत्या ड्रिलने केलेलं भोक नेहमी थोडं मोठं आणि थोडं तिरकं येतं. रॉड ३ मिमीचा सिल्व्हर स्टीलचा. रॉड बुशमधून स्वतःच्या वजनाने घसरला पाहिजे पण आडवा हलवला तर खुळखुळायला नको. इथली गळती बऱ्याच लोकांच्या लक्षातच येत नाही, सगळं लक्ष पिस्टनकडे असतं आणि हवा मागच्या बुशमधून निघून जाते.

दोन्ही सिलेंडरना जोडणारं भोक ४ ते ५ मिमीचं आणि जितकं आखूड करता येईल तितकं. ते थंड बाजूच्या जागेतच उघडलं पाहिजे.

तपासणी: जोडायच्या आधी या भोकातून फुंकर मारून बघा. गॅस्केट कापताना हे भोक पाडायचं विसरणं, किंवा जास्तीच्या सिलिकॉनने ते बुजणं, हे इतक्या वेळा होतं की गॅस्केट बसवल्यावर परत एकदा फुंकर मारा.

## ४. डिस्प्लेसर

हलका आणि हवाबंद, दोनच गोष्टी. भिंत ०.३ मिमी, एकूण वजन १५ ग्रॅमच्या आसपास. वजन वाढलं की प्रत्येक फेऱ्याला ते उचलण्यात आणि थांबवण्यातच ताकद जाते.

गरम टोकाची टोपी चांदीच्या डागानेच लावायची. साधं सोल्डर १९० अंशांच्या आसपास वितळतं, तिथे तर तीनशेच्या पुढे तापमान जातं. थंड टोकाला ॲल्युमिनिअमचा प्लग, त्यात रॉडसाठी ३ मिमीचा टॅप, तो प्लग हाय टेम्परेचर इपॉक्सीने चिकटवला तरी चालतो. साधा अराल्डाइट गरम झाला की मऊ पडतो, तो नको. टेस्ट ट्यूब वापरत असाल तर तिचा तळ गोल असतो हे लक्षात ठेवा, डिस्प्लेसरचं टोकही तसंच गोल करा, नाहीतर तिथे फुकटची पोकळी राहते.

तपासणी: उकळत आलेल्या पाण्यात डिस्प्लेसर पूर्ण बुडवा. आतली हवा फुगते, कुठे भोक असेल तर त्या जागेतून बुडबुड्यांची बारीक रेघ निघते. एकही बुडबुडा नको.

इशारा: बुडबुडे आले असतील तर पाण्यात थंड होऊ देऊ नका, लगेच बाहेर काढा, कारण थंड होताना तो पाणी आत ओढून घेतो. आत पाणी असलेला डिस्प्लेसर बंद करून ज्योतीवर गेला तर वाफेने फुटू शकतो. एक टोक उघडून पूर्ण वाळवा, मग डाग द्या.

## ५. पॉवर सिलेंडर आणि पिस्टन

वेळ इथे द्या. बाकी सगळं थोडं इकडेतिकडे झालं तर चालून जातं, हे नाही.

आधी सिलेंडर पूर्ण करायचा, मग पिस्टन त्याला बसवायचा. उलटा क्रम धरला तर मापाच्या मागे धावत बसाल. सिलेंडर बोअर करा, शेवटचे दोन कट अगदी हलके आणि त्याच सेटिंगवर, म्हणजे टूलने दाबून राहिलेलं मटेरियल निघून जातं. मग लॅपिंग, म्हणजे पेस्ट लावून आतून घासून गुळगुळीत करणं. ॲल्युमिनिअमचा चिरलेला लॅप, बारीक पेस्ट, मंद स्पीड, आणि सिलेंडर हातात धरून सतत पुढेमागे. एका जागी थांबलात की तिथे पोट सुटतं. मोटर स्पेअरच्या दुकानात व्हॉल्व्ह ग्राइंडिंगची पेस्ट मिळते, तिची फाइन बाजू सुरुवातीला चालेल, शेवट मेटल पॉलिशने करा. पिस्टन सिलेंडरमध्ये घालून दोन्ही पेस्टने एकमेकांवर घासणं ही फार पसरलेली सवय आहे आणि ती वाईट आहे, सिलेंडरची तोंडं मोठी होतात, पिस्टन पिंपासारखा होतो आणि पेस्टचे कण बिडात रुतून बसतात ते कायमचे.

लॅपिंग झाल्यावर रॉकेल, मग साबण आणि गरम पाणी, मग पांढरं फडकं आतून फिरवा. फडकं काळं येतंय तोवर धूत राहा. वाळल्यावर लगेच तेलाचा हात.

पिस्टन २० मिमी लांब, आतून पोकळ करून हलका केलेला. बाहेरून दोन शतांश मोठा ठेवा आणि बारमधून कापू नका, चकमध्येच राहू दे. आता १२०० नंबरचा पॉलिश पेपर रॉकेलमध्ये भिजवून हलक्या हाताने उतरवत जायचं आणि दर थोड्या वेळाने सिलेंडर हातात घेऊन त्यावर चढवून बघायचा. जॉब घासून कोमट झालेला असतो, तो गार होऊ द्या आणि मगच बघा, नाहीतर आत्ता बरोबर वाटलेलं नंतर सैल निघतं. सिलेंडर सगळ्या लांबीवर सारख्याच, किंचित चिकट वाटणाऱ्या चालीने सरकला की थांबा. त्यानंतरची एक घासणीसुद्धा जास्त होते.

ॲल्युमिनिअमचा पिस्टन बिडाच्या सिलेंडरमध्ये घालू नका. हलका असतो हे खरं, पण १६ मिमी व्यासावर ५० अंश तापमान वाढलं की ॲल्युमिनिअम बिडापेक्षा साधारण एक शतांश जास्त फुगतो, आणि आपली सगळी फटच तेवढी असते. थंड असताना मस्त, गरम झाला की जाम.

ग्रॅफाइट टर्न करताना मास्क लावा आणि व्हॅक्यूम चालू ठेवा, ती भुकटी वीज वाहते, मोटर आणि स्विचमध्ये गेली तर शॉर्ट होतो. ग्रॅफाइटच्या पिस्टनला तेल अजिबात नाही. बिडाच्या पिस्टनलाही अगदी पातळ तेलाचा बोट पुसल्यासारखा थर, बस.

तपासणी: सिलेंडर उभा धरा, दोन्ही टोकं उघडी. वरून पिस्टन सोडा, तो स्वतःच्या वजनाने सावकाश, न अडखळता खाली आला पाहिजे. आता खालचं तोंड अंगठ्याने बंद करून परत सोडा. पिस्टन हवेवर तरंगल्यासारखा थांबला पाहिजे, अगदी बारकाईने पाहिलं तरच खाली सरकताना दिसेल इतका हळू. तसाच अंगठा ठेवून पिस्टन वर ओढला आणि सोडला तर झटकन परत खाली गेला पाहिजे. ही चाचणी पास होईपर्यंत पुढे जाऊ नका. होत नसेल तर नवीन पिस्टन करा, सिलेंडर तोच ठेवून.

## ६. शाफ्ट, क्रँक, फ्लायव्हील

डिस्प्लेसरचा क्रँक सेंटरपासून १० मिमीवर, पॉवरचा ९ मिमीवर. दोघांमध्ये ९० अंश. निदान एक क्रँक ग्रब स्क्रूने (डोकं नसलेला, शाफ्टवर दाबून धरणारा छोटा स्क्रू) शाफ्टवर बसवा म्हणजे कोन नंतर बदलता येतो, पहिल्याच फटक्यात पिन ठोकून पक्कं करू नका.

कोणता पुढे ठेवायचा यावरून लोक फार गोंधळतात. नियम एवढाच की डिस्प्लेसर पॉवर पिस्टनच्या ९० अंश पुढे. डिस्प्लेसर पूर्ण थंड टोकाला आलेला असताना, म्हणजे हवा गरम टोकाला असताना, पिस्टन स्ट्रोकच्या मध्यावर आणि बाहेरच्या दिशेने जात असला पाहिजे. उलटं बसवलंत तरी बिघडत नाही, इंजिन फक्त दुसऱ्या दिशेने फिरेल. म्हणून पहिल्यांदा चालू करताना दोन्हीकडे टिचकी मारून बघायची.

फ्लायव्हील ७५-८० मिमीचं, वजन कडेला. शाफ्ट बेअरिंगमध्ये आडवा ठेवून फिरवा, दरवेळी तीच जागा खाली येऊन थांबत असेल तर ती बाजू जड आहे, तिथे आतून छोटी भोकं पाडून वजन काढा. कनेक्टिंग रॉड पिस्टनच्या पिनवर आजूबाजूला थोडा सैल असावा, म्हणजे पिस्टन स्वतःची जागा स्वतः धरतो.

## ७. जोडणी, एकेक भाग करून

एकदम सगळं जोडून नट आवळायचा मोह होतो, तो टाळा.

फक्त शाफ्ट आणि फ्लायव्हील: एका टिचकीत अर्धा मिनिट तरी फिरलं पाहिजे. मग डिस्प्लेसर जोडा, हॉट ट्यूब न लावता. फेरे कमी होतील, पण शेवटी हळूच झुलत थांबायला हवं. कुठेतरी गचकन थांबत असेल तर रॉड आणि बुश एका रेषेत नाहीत. मग हॉट ट्यूब लावा आणि कान देऊन ऐका, घासल्याचा खरखर आवाज किंवा टोकाला टकटक नको. टकटक गरम टोकाला येत असेल तर डिस्प्लेसर रॉडवर एक आटा मागे घ्या.

मग पॉवर पिस्टन, पण जोडभोक उघडं असताना. सगळ्यात शेवटी गॅस्केट आणि सील.

तपासणी: आता सगळं बंद आहे. फ्लायव्हील हाताने फिरवून पिस्टन आत ढकला आणि सोडा. हवेने तो परत बाहेर उसळला पाहिजे. दाबून दोन सेकंद धरून सोडलात तरीही उसळी जाणवली पाहिजे. जाणवत नसेल तर गॅस्केटच्या कडा, बुश आणि ट्यूबचा जोड यांवर ब्रशने साबणाचं पाणी लावून परत दाबा, फेस जिथे येईल तिथे गळती. इथे पास झालं की इंजिन चालणारच असं मी छातीठोकपणे सांगतो, मग राहतो तो फक्त उष्णतेचा प्रश्न.

## ८. आता दिवा

फर्निचर पॉलिशवाले वापरतात ते डिनेचर्ड स्पिरिट हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, ते चालतं. ज्योत फक्त हॉट ट्यूबच्या शेवटच्या १०-१५ मिमीवर लागली पाहिजे. मध्यावर लावली तर थंड बाजूही तापते आणि फरक राहत नाही. वारा नको, पंखा बंद.

इशारा: स्पिरिटची ज्योत उन्हात दिसतच नाही. दिवा पेटलेला किंवा गरम असताना त्यात स्पिरिट ओतू नका. यात बहुतेक वेळा मिथेनॉल असतं, ते विषारी आहे, लहान मुलांपासून लांब आणि पाण्याच्या बाटलीत तर कधीच भरून ठेवू नका.

साधारण मिनिटभर तापू द्या, मग टिचकी. सुरुवातीला फ्लायव्हील मंदावतं आणि थांबणार असं वाटतं, आणि बरोबर त्याच वेळी पिस्टन बाहेर जाताना किंचित धक्का जाणवतो, पुढच्या फेऱ्याला तो थोडा वाढतो. हा धक्का दिसला की घाई करू नका, अजून अर्धा मिनिट तापवून परत मारा. हॉट ट्यूब लाल दिसायला लागली तर दिवा काढा, लाल होऊनही फिरत नसलेलं इंजिन अजून आगीने फिरणार नाही.

## ९. चालत नसेल तर

धक्का जाणवतच नाही: गळती किंवा बुजलेलं जोडभोक. पायरी ७ ची उसळी परत बघा.

धक्का आहे पण फिरत नाही: घर्षण. पिस्टनवरचं तेल पुसून टाका, जाड तेल हे यातलं सगळ्यात जास्त आढळणारं कारण आहे. काहीजण गळती थांबवायला पिस्टनला ओ-रिंग घालतात, तिचं घर्षण या इंजिनाला पेलत नाही.

दोन-तीन मिनिटं छान चालतं आणि मग मंदावतं: थंड बाजू तापली. फिनला हात लावा, हात ठेववत नसेल तर नक्की तेच. ज्योत टोकाकडे सरकवा, ट्यूब आणि बॉडीमध्ये जाड गॅस्केट घाला, ज्योत आणि बॉडीच्या मध्ये पत्र्याचा आडोसा लावा. ओलं फडकं फिनवर ठेवून बघा, वेग वाढला तर निदान बरोबर.

गरम असताना जाम होतं आणि गार झाल्यावर मोकळं: पिस्टनची फट कमी आहे किंवा धातूंची जोडी चुकली.

चालतं पण एका दिशेला ओढल्यासारखं, झटके देत: फ्लायव्हीलचं वजन किंवा कोन. ग्रब स्क्रू सैल करून कोन पाच-पाच अंशांनी बदलत वेग बघा, सगळ्यात जलद जिथे चालेल तिथे आवळा.

आणि पावसाळ्यात, विशेषतः कोकण-मुंबईकडे, इंजिन उघडं ठेवू नका. सिल्व्हर स्टीलचा रॉड आणि बीड दोन्ही चार दिवसांत गंजतात. चालवून झालं की पूर्ण गार होऊ द्या, पिस्टन काढून कोरडा पुसा, रॉडला आणि बिडाच्या भागांना पातळ तेलाचा हात द्या आणि हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवा. परत चालवताना ते तेल पुसायला मात्र विसरू नका.